तुम्ही विचारलंत म्हणून : चांगला पिच्चर कोणता पाहू?

"सर, एखादा भारी पिच्चर सांगा ना." एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या फाटकाशी, कुठंही गाठून मला हे विचारतात. पुण्याला कंपनीत लागलेला माजी विद्यार्थी सणाला घरी येतो, त्याला डोळ्यांचं पारणं फेडणारं काहीतरी हवं असतं. आमच्या केंद्रातल्या एका मॅडमना विचार करायला लावणारं हवं असतं. गावातले गडी सरळ म्हणतात, "पायल्यावर झोप नाई आली पायजे, असा सांगा." मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि लोकवर्गणीतून घेतलेल्या शाळेच्या प्रोजेक्टरवर अधूनमधून गावाला सिनेमे दाखवतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. रस्त्यात उभ्याउभ्या त्याचं उत्तर देणं मला जमत नाही. इथं सविस्तर देतो.

पहिलं नाव आधीच सांगून टाकतो : 'द नेकेड आयलंड'. जपानी सिनेमा, १९६० सालचा, कृष्णधवल, दिग्दर्शक कानेतो शिंदो. रंग नाहीत, मारामारी नाही आणि दीड तासात संवाद जवळजवळ नाहीतच. हे ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. तरी मी हट्ट सोडत नाही.

समुद्रात एक छोटं, उघडंबोडकं बेट. त्यावर एकच कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुलगे. चारी बाजूंनी पाणी, पण सगळं खारं. गोडं पाणी शेजारच्या बेटावरून आणायचं. होडी वल्हवत जायचं, लाकडी बादल्या भरायच्या, परत वल्हवत यायचं आणि खांद्यावर कावड घेऊन उभी चढण चढायची. वर उतारावर पायऱ्यापायऱ्यांचं वावर आहे. तिथं एकेका रोपाच्या बुडाशी थोडंथोडं पाणी घालायचं. बादल्या रिकाम्या झाल्या की पुन्हा होडी.

शिंदो यातलं काहीही आटोपतं घेत नाही. बाई चढण चढते तेव्हा कावडीची दांडी दोन्ही टोकांना लवत असते, बादलीतलं पाणी काठापर्यंत येतं आणि परत आत जातं. पाहणाऱ्याचा जीव त्या काठावर अडकतो. वर पोचल्यावर ती लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी घेते आणि रोपाच्या मुळाशी ओतते. माती काळी पडते, पाणी बघता बघता आत जिरतं, आणि ती पुढच्या रोपाकडे वळते. मागच्या रोपाकडे वळून पाहत नाही, कारण पुढची रांग संपायची असते.

मृग कोरडा गेला की आमच्याकडे हेच चालतं. कपाशीची टोबणी झालेली असते, अंकुर दोन पानांवर आलेला असतो आणि पाऊस दडी मारतो. ज्यांच्याकडे विहीर नाही, बोअर नाही, ते बैलबंडीवर ड्रम ठेवून पाणी आणतात. मग बायामाणसं वाकून ओळीओळीनं गडव्यागडव्यानं रोपांना पाणी घालत जातात. दुबार पेरणी टळावी, बियाण्याचा पैसा मातीत जाऊ नये, एवढ्यासाठी. मी हे काम लहानपणापासून पाहिलं आहे, केलंही आहे. पण पडद्यावर इतक्या निगुतीनं, इतका वेळ देऊन कुणी दाखवलेलं पाहिलं नव्हतं. आपल्या सिनेमात वावर येतं ते बहुतेक गाण्यात. मोहरी फुललेली असते, वारा सुटलेला असतो, ओढणी उडत असते. त्या वावरात निंदणाऱ्या बाया कुठं गेल्या, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडतो. म्हणूनच माझ्या लेखी देखणा सिनेमा म्हणजे ज्यात राबणारा माणूस फ्रेमच्या बाहेर ढकललेला नाही, आणि कामाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ कॅमेरा थांबलेला आहे. माझी सगळी आवड या एका गोष्टीवर उभी आहे.

शिंदो जन्मला १९१२ साली, हिरोशिमा प्रांतातल्या चांगल्या जमीनदार घरात. वडील दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिले आणि घराची जमीन गेली. जामीनकीपायी वावर गेलेली घरं आमच्या तालुक्यातही आहेत, त्यामुळे हे वाचल्यावर मला तो माणूस फार लांबचा वाटला नाही. 'नेकेड आयलंड' त्यानं मोजकी माणसं घेऊन, अगदी थोड्या पैशांत केला. त्याची निर्मितीसंस्था तेव्हा बुडायच्या बेतात होती. १९६१ साली मॉस्कोच्या महोत्सवात या सिनेमाला सर्वोच्च बक्षीस मिळालं, तो देशोदेशी विकला गेला आणि संस्था तरली. पुढं शिंदो पुरी शंभर वर्षं जगला आणि नव्वदी ओलांडल्यावरही सिनेमे करत राहिला.

हा सिनेमा मी शाळेत दाखवला तेव्हा बायका जास्त होत्या. बचत गटाची बैठक त्याच हॉलमध्ये झाली होती, त्या तशाच बसून राहिल्या. सिनेमात एका ठिकाणी चढताना बाईचा तोल जातो आणि बादली सांडते. नवरा आपलं काम टाकून तिच्याजवळ येतो आणि तिच्या थोबाडीत मारतो. ती पडते, उठते, पुन्हा कामाला लागते. दोघंही एक शब्द बोलत नाहीत. तोवर हॉलमध्ये कुजबुज चालू होती, ती थांबली. संपल्यावर बोलणं झालं ते सगळं त्या थपडेवर. मागं बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "पाणी सांडलं त तिचाच जीव अर्धा झाला असंन. वरून मारासाठी याचा हात उठला कसा?" एक पोरगा नवऱ्याची बाजू घेऊ लागला, की तोही थकला आहे, पाण्याची किंमत त्याला माहीत आहे. आजींनी त्याला तिथंच थांबवलं, "अन् थे थकली नाई काय, बाप्पा?" मग एकेक बाई बोलती झाली. सिनेमावर कमी, आपापल्या घरावर जास्त. ते इथं लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. पण विचार करायला लावणारा सिनेमा कसा असतो असं कुणी विचारलं, की मला ती संध्याकाळ आठवते. शिंदो त्या थपडेबद्दल काही बोलत नाही, बाजू घेत नाही. फक्त आपल्याला नजर दुसरीकडे वळवू देत नाही.

पुढं त्या घरावर मोठा घाला पडतो. कोणता ते सांगत नाही. त्यानंतर एकदा पाणी घालता घालता बाई बादली उलथवते, जीव लावून जगवलेली रोपं उपटून फेकते आणि जमिनीवर पडून रडते. नवरा उभा राहून पाहतो. मग तो पाणी घालायला लागतो. थोड्या वेळानं तीही उठते. आमच्या भागात हा प्रसंग पाहणं सोपं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पोरं हल्ली मोबाइलवर ड्रोननं काढलेली शेतं दाखवतात आणि म्हणतात, "सर, काय व्हिज्युअल आहे!" हिरव्या-पिवळ्या पट्ट्या, मधून नदी. मला ते फार वेळ धरून ठेवत नाही, कारण एवढ्या उंचीवरून माणूस दिसतच नाही. गंमत अशी की 'नेकेड आयलंड'च्या शेवटीही कॅमेरा आकाशातून ते बेट दाखवतो. पण तोवर दीड तास आपण त्या चढणीवर घालवलेला असतो. वरून दिसणारी एकेक पायरी कुणाच्या खांद्यावरच्या पाण्यानं जगली आहे, हे आपल्याला ठाऊक झालेलं असतं. उंचावरून दाखवायला माझी ना नाही, आधी खालून चालून या एवढंच म्हणणं आहे.

रंगीतच पाहिजे म्हणणाऱ्यांना मी 'डेज ऑफ हेवन' सांगतो. टेरेन्स मॅलिक या अमेरिकन दिग्दर्शकाचा, १९७८ सालचा. गोष्ट आहे टेक्सासमधल्या गव्हाच्या शेतावर सोंगणीला आलेल्या मजुरांची, चित्रण झालं कॅनडातल्या अल्बर्टात. छायाचित्रकार नेस्टोर अल्मेन्ड्रोस याला त्यासाठी ऑस्कर मिळालं. सूर्य बुडाल्यावर आणि अंधार पडण्याआधी जो वीसेक मिनिटांचा उजेड असतो, त्यात या सिनेमाचा मोठा भाग टिपला आहे. दिवसभर तयारी करून ठेवायची आणि तेवढ्या वेळात धावपळ करून दृश्य घ्यायचं. त्या उजेडात सावली पडत नाही. माणसं, गहू आणि आभाळ एकाच रंगात येतात. वावरातून घरी येताना हा उजेड आपण रोज पाहतो, फक्त तेव्हा डोक्यावर भारा असतो आणि गुरं पुढं गेलेली असतात.

या सिनेमातली टोळधाड मला कधीच विसरता येणार नाही. २०२०च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत खरीच टोळधाड आली होती. लॉकडाऊन चालू असताना मोर्शी, काटोलकडचे लोक थाळ्या-डबे वाजवत संत्र्याच्या बागांत धावत होते. मॅलिकच्या सिनेमात टोळांची झुंड उठताना दिसते, ती भुईमुगाची टरफलं आहेत. हेलिकॉप्टरमधून टरफलं खाली सोडली, नटांना उलटं चालायला लावलं आणि फिल्म उलटी चालवली. त्यामुळे खाली पडणारी टरफलं पडद्यावर जमिनीतून आभाळात उठणारे टोळ झाली. हे मी मुलांना सिनेमा दाखवल्यावर सांगतो, आधी नाही. सांगितलं की ती पुन्हा तो तुकडा लावायला लावतात आणि माणसांच्या चालीत खोट सापडते का ते शोधत बसतात.

त्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मजूर उघड्यावर राहतात आणि मालकाचं एकटं मोठं घर वावराच्या मधोमध उभं असतं. हे दोन्ही एकाच चौकटीत दिसत राहतं. वेचणीच्या दिवसांत मेळघाटातून, मध्य प्रदेशातून आमच्याकडे कुटुंबंच्या कुटुंबं कापूस वेचायला येतात आणि धुऱ्यावर ताडपत्री बांधून राहतात. संध्याकाळी किलोवर मोजणी होते. 'डेज ऑफ हेवन' पाहिल्यावर त्या ताडपत्र्यांजवळून जाताना मी जरा हळू जातो.

जमिनीसाठी थांबायची तयारी असलेले दिग्दर्शक मला फार जवळचे वाटतात. सत्यजित राय यांनी 'पाथेर पांचाली'चं चित्रीकरण १९५२च्या ऑक्टोबरात काशफुलांच्या रानात सुरू केलं. भावंडं आगगाडी पाहायला धावतात तो प्रसंग. एक दिवस काम झालं. पुढच्या रविवारी येऊन पाहतात तर गुरांनी ती फुलं खाऊन टाकलेली! मग पुन्हा फुलं यायची वाट पाहून उरलेला भाग पुढच्या वर्षी घेतला. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी त्याआधी सिनेमाचा कॅमेरा चालवलाच नव्हता. सिनेमा १९५५ साली आला. त्यात आई आपल्या मुलीची बातमी नवऱ्याला सांगताना फुटून रडते तेव्हा तिचा आवाज ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई वाजते. शाळेच्या स्पीकरवर सुद्धा तो सूर हॉलच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचतो.

रशियातल्या आंद्रेई तार्कोव्हस्कीनं तर 'मिरर'साठी पेरणीच केली. त्याच्या बालपणीच्या घरासमोर कुट्टूचं (बकव्हीटचं) शेत होतं, फुललं की पांढरंशुभ्र दिसायचं. सिनेमासाठी तिथं परत गेला तेव्हा त्या जमिनीत दुसरंच काहीतरी होतं, आणि गावचे लोक म्हणाले, इथं आता कुट्टू येत नाही. यानं शेत भाड्यानं घेतलं, स्वतःच्या जोखमीवर कुट्टू पेरला आणि तो आला. सिनेमा (१९७५) कळायला अवघड आहे, आमच्या गावात तो फार थोड्यांनी शेवटपर्यंत पाहिला. पण उभ्या पिकावरून वारा धावत येतो ते दृश्य मी त्यांना वेगळं काढून दाखवतो. त्याला गोष्ट कळायची गरज नाही.

मुलांसाठी माझं एकच नाव ठरलेलं आहे : अब्बास कियारोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?' इराणचा, १९८७ सालचा. अहमद नावाचा मुलगा चुकून वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाची वही घरी आणतो. उद्या वहीत गृहपाठ नसेल तर त्या मुलाला शाळेतून काढीन, असं गुरुजींनी बजावलेलं असतं. म्हणून तो टेकडी ओलांडून पलीकडच्या गावी त्याचं घर शोधत जातो. टेकडीवर नागमोडी पायवाट आहे आणि माथ्यावर एक झाड. ती वाट कियारोस्तामीनं सिनेमासाठी मुद्दाम तयार करून घेतली होती. अख्ख्या टेकडीवर एवढीच एक रेघ आणि तिच्यावर धावणारा एक ठिपका, वही पोटाशी धरलेला. एवढं साधं दृश्य, पण ते पाहून मन भरत नाही.

मी शिक्षक असल्यामुळे पहिला वर्गातला प्रसंग मला जड जातो. पण मुलांचं लक्ष दुसरीकडेच गेलं. कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, टेकडी उतरून रोज शाळेत येणारी एक मुलगी म्हणाली, "सर, तो किती वेळचा सांगून राह्यला, त्याच्या मायले आयकूच येत नाई." खरंच आहे. अहमद आईला परोपरीनं सांगतो आणि ती दर वेळी म्हणते, अभ्यास कर, बाळाला बघ. मोठी माणसं ऐकत नाहीत ही या सिनेमातली सगळ्यात मोठी अडचण आहे, टेकडी नाही. भाषा फारसी, खालची अक्षरं इंग्रजी, म्हणून मी शेजारी उभा राहून चार-चार वाक्यांत मराठी सांगत गेलो. अर्ध्यानंतर मुलांनीच मला गप्प केलं.

"हे सगळं बाहेरचं झालं, आपल्याकडचं काय?" असंही विचारतात. आपल्याकडचा म्हणजे अगदी आपल्या वऱ्हाडातला 'गाभ्रीचा पाऊस' आहे, सतीश मन्वर यांचा, २००९चा. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर एका बाईला आपल्या नवऱ्याची धास्ती बसते. ती पोराला त्याच्या मागं मागं राहायला सांगते, त्याला चांगलंचुंगलं करून खाऊ घालते, आणि नवऱ्याला मात्र हे काय चाललंय ते कळत नाही. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी दोघांचंही काम फार खरं आहे. ज्या घरात हे घडून गेलं आहे, त्या घरच्यांना मी हा सिनेमा पाहा असं सांगत नाही. बाकी सगळ्यांनी पाहावा, विशेषतः शहरात राहून आमच्याबद्दल बोलणाऱ्यांनी.

'फॅन्ड्री'ही सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे त्यातली एकच जागा सांगतो. पकडलेलं डुक्कर काठीला बांधून जब्या या पोराच्या घरचे शाळेच्या भिंतीसमोरून जातात. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं. नागराज मंजुळे तिथं थांबून काही सांगत नाहीत, माणसं नुसती चालत जातात. आमच्याही शाळेच्या भिंतीवर हीच चित्रं आहेत, आणि गाडगेबाबा तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. 'फॅन्ड्री' पाहिल्यापासून ती भिंत मला रंगवून मोकळं व्हायची गोष्ट वाटत नाही.

कसा पाहायचा, हेही विचारा. मोबाइलवर पाहायचा असेल तर निदान रात्री, दिवा घालवून, इअरफोन लावून पाहा आणि मधे थांबवू नका. या सिनेमांत पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं, तेवढी काढा. थ्री-फेजची लाइन रात्रीची असेल आणि हरभऱ्याला ओलीत चालू असेल, तर वावरात बसून मुळीच पाहू नका. इअरफोन कानात असताना मोटारही ऐकू येत नाही आणि रानडुक्करही.

आणि मोठ्या माणसांसोबत पाहायचा असेल तर जपानच्याच अकिरा कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' (१९५४) घ्या. साडेतीन तासांचा आहे, दोन रात्रींत पाहा. माझी सासुरवाडी ब्रह्मपुरीकडची, धानाचा मुलूख. सासरे सिनेमाला बसत नाहीत, पण याला बसले, कारण यात लुटारू आधीच ठरवतात की जव पिकला की गावावर धाड घालू. "पीक निंगाची वाट पायतेत," एवढं म्हणून ते सरसावून बसले. गाव रक्षणाला सात सामुराई, म्हणजे जपानी योद्धे, आणतं. शेवटी लढाई संपते, बांध्यांत पाणी भरतं आणि गावातल्या बाया गाणं म्हणत रोवणी करतात. त्या रोवणीत सासऱ्यांचे डोळे चेहऱ्यांवर नव्हते, हातांवर होते. "पऱ्हे दाट लावून रायल्या," ते म्हणाले. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. मग वाचलेला म्होरक्या सामुराई म्हणतो की आपण हरलो, जिंकले ते शेतकरी. मी ते वाक्य मराठीत सांगितलं. सासरे म्हणाले, "जिंकले कायचे? धान घरी येऊ दे आंधी."

त्यावर जेवणं होईपर्यंत आमचा वाद झाला. मी सामुराईच्या बाजूनं होतो, सासूबाई सासऱ्यांच्या. आता त्यांच्याकडे 'नेकेड आयलंड' न्यायचा आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे त्यांच्या त्या भागात, रात्री नाटकांच्या असतात, तेव्हा कुणी सिनेमाला बसणार नाही. म्हणून उन्हाळ्यात, अंगणात, भिंतीला चादर लावून. तुमच्या गावात दाखवायचा असेल तर पडदा मी आणतो, तुम्ही फक्त अंधाराची आणि बायकांच्या बसायची सोय करा, त्यांना पुढची जागा द्या.